चौथ्यांदा आलेला ताप

पोस्टातल्या त्या बाईला चौथ्यांदा ताप आला, तेव्हा माझं डोकं सटकलं.

"ताई, आता हिचं रक्त तरी तपासून घे गं!" मी फोनवर ओरडले. "दर गोष्टीत फणफणते ही. आहे काय हिला?"

"तू लिही," पलीकडून ताई शांतपणे म्हणाली. "तिला उठवेना. तेवढ्यात दारावर थाप पडली. लिहिलंस?"

"लिहिलं. आणि दारात कोण उभं आहे ते सांगू नकोस, मला माहितेय."

"माहितेय तर लिही की मग."

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. नाशिकजवळ एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहते. दाजी तिथे कंट्रोल रूममध्ये असतात, पाळीपाळीने कामाला जातात आणि घरी आले की गप्प बसतात. पोस्टातली बाई मात्र कुणाच्या नात्यातली नव्हे. ती एका मालिकेतली नायिका. गावच्या पोस्टात ती आणि जवळच्या धरणावर तो इंजिनिअर, अशी ती मालिका होती. दोन वर्षं चालली आणि मग चॅनेलला काय घाई झाली कुणास ठाऊक, एका आठवड्यात गुंडाळली. इंजिनिअरची बदली झाली, जीप निघून गेली, ती पोस्टाच्या पायरीवर उभी. संपलं. ताई त्यानंतर दोन दिवस धड जेवली नव्हती. "हा काय शेवट झाला? माणसं आहेत का कोण आहेत ही?" असं ती मला, दाजींना, भाजीवालीला, सगळ्यांना विचारत होती.

मग तिला ते अ‍ॅप सापडलं. तिथे तिच्यासारख्याच चिडलेल्या बायका आपापल्या परीने त्या दोघांची गोष्ट पुढे लिहीत होत्या. भाग एक, भाग दोन, असं करत. फॅन फिक्शन म्हणतात त्याला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. आम्ही नुसतं स्टोरी म्हणतो." आणि तीही लिहायला लागली. आयुष्यात किराण्याच्या यादीपलीकडे काही न लिहिलेली माझी बहीण!

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. दिवाळी अंकांत माझ्या कथा येतात, एक संग्रहही आहे. त्यामुळे ताई दर भाग मला पाठवायची, "शुद्धलेखन बघून दे" म्हणून. मी बघून द्यायचे. नाक मुरडत द्यायचे, पण द्यायचे. अशा तीन गोष्टी झाल्या. पहिलीत ती पोस्टात आणि तो धरणावर. दुसरीत तीच दोघं पण नाशिकला, ती बँकेत आणि तो द्राक्षबागायतदार. तिसरीत तो तिच्या शेजारच्या बंगल्यात राहायला आलेला. चौथीत पुन्हा पोस्ट आणि धरण. माणसं तीच, फक्त सुरुवात नवी. आणि सगळ्या गोष्टींचा आराखडा एकच: आधी भांडण. भांडणात तो तिला जिव्हारी लागेल असं काहीतरी बोलणार. ती निघून जाणार, एकटी राहणार. मग तिला ताप. मग दारावर थाप. मग कपाळावर पाण्याच्या पट्ट्या. की झाली गोष्ट!

"अगं, तेच तेच काय लिहितेस?" मी म्हणायचे.

"तू नाही का दरवर्षी तेच धडे शिकवत? अठरा वर्षं झाली."

"माझी मुलं दरवर्षी नवी असतात."

"मग माझ्या पण वाचणाऱ्या नव्या असतात. जा."

त्या वाचणाऱ्यांची एक रीत होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. पहिल्या भागाच्या डोक्यावर लेखिकेने एक ओळ लिहायची: शेवट गोड. एवढंच. ही ओळ नसेल तर निम्म्या बायका गोष्टीला हातच लावत नाहीत. ओळ असली की मधे कितीही रडवा, कितीही ताटातूट करा, त्या बिनघोर रडतात. मला हे ऐकून हसूच आलं होतं. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच शेवट सांगून टाकायचा, मग वाचायचं कशाला? ताईला विचारलं तर म्हणाली, "म्हणूनच तर वाचायचं." विंचूरची एक बाई कांदा मार्केटला गेली की लिलावाची वाट बघत ट्रॅक्टरवर बसून वाचते, असं तिने स्वतःच कमेंटमध्ये लिहिलं होतं. एक नर्स होती. एक सटाण्याकडची होती, ती अहिराणीत लिहायची. ताईला या सगळ्यांची मुलंबाळं, दुखणी, परीक्षा तोंडपाठ होती.

मी एकदा वर्गात या विषयावर बोलले. साचेबद्ध लेखन म्हणजे काय, हे सांगताना म्हटलं, हे फॅन फिक्शनमधलं प्रेम बघा, मोदकाच्या साच्यातून काढल्यासारखं. मुलं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. "मॅडम, तुम्ही वाचलंय का ते?" तिने विचारलं. वाचलंय काय बाई, वेलांट्या दिल्यात मी त्याला, असं तोंडावर आलं होतं. मी विषय बदलला.

उगाच कशाला खोटं बोला, त्यातलं बरंचसं टुकारच असतं. करार करून केलेली लग्नं, अब्जाधीश नवरा, पदर घड्याळात अडकणं. पण माझ्या कथांचं तरी काय वेगळं होतं? माझ्या संग्रहात बारा कथा आहेत आणि त्यातल्या सात कथांच्या शेवटी कुणीतरी गप्प बसून खिडकीबाहेर बघतं. ते मात्र वास्तववादी. त्याला कुणी साचा म्हणत नाही.

तर ताईच्या हाताचं. माघ पौर्णिमेला त्यांच्या कॉलनीतल्या विहारात खीर होती. ताईने पातेलं उचललं, पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या, आणि बाईसाहेब खिरीसकट खाली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. पोस्टातल्या बाईची चौथी गोष्ट तेव्हा अर्ध्यावर होती, नुकतंच भांडण होऊन ती निघून गेली होती, आणि बायका रोज विचारत होत्या, पुढचा भाग कधी? डाव्या हाताने ताईला दोन ओळींना अर्धा तास लागायचा. फोनला सांगून लिहवून बघितलं, तर फोन तिच्या बोलण्याचं भलतंच काही लिहायचा. शेवटी ते काम माझ्या गळ्यात आलं. तिने व्हॉइस मेसेज पाठवायचे, नाहीतर फोनवर सांगायचं, आणि मी ते टाइप करून तिच्या नावावर टाकायचं.

तिचे ते मेसेज म्हणजे एक करमणूक होती. मागे कुकरची शिट्टी, मधेच "अहो, डबा राहिला तुमचा", आणि पुन्हा त्याच सुरात, "त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्णविराम. गॅस बंद करते, थांब." मी नाशिकला इंदिरानगरच्या माझ्या घरात येरझाऱ्या घालत ऐकायचे. मला एका जागी बसून ऐकवतच नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, गॅलरीत, परत आत. वाटायचं, हे संपव लवकर, मला माझं लिहायचंय.

तो चौथा ताप मी त्या दिवशी फोनवर अर्धाच लिहून घेतला. पट्ट्यांचं पुढे काय ते ताई सकाळी मेसेज करून सांगणार होती. दुसरा दिवस रविवार. तिचे मेसेज आले, आणि त्याच वेळी मला एका मासिकाच्या संपादकांचा मेसेज आला. माझी कथा परत. खाली एक ओळ: शेवट अपेक्षित वाटतो.

मला! अपेक्षित!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर पडला होता, तो बाजूला ढकलला. घरात चार चकरा मारल्या. मग ताईचा मेसेज लावला. "तो आत आला. तिच्या कपाळाला हात लावला..." मी तो बंद केला. म्हटलं, थांब, दाखवते तुम्हाला अनपेक्षित काय असतं ते.

आणि मी लिहिलं: दारावर थाप पडलीच नाही.

पुढचं कसं लिहिलं ते आठवत नाही, इतकं भराभर आलं. तिला ताप चढलाय. खाली जमिनीवर झोपावं की पलंगावर, हेही तिला ठरवता येत नाही. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे, तरी तो उचलायचा म्हणजे विचार करावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून, मग रांगत दारापर्यंत जाते आणि आतली कडी काढून ठेवते. कुणी आलंच, तर त्याला दार तोडावं लागू नये म्हणून. मग तिथेच, उंबऱ्यापाशी, पडून राहते. बाहेर दाराला टांगलेल्या पिशवीत दुधाच्या पिशव्या साठत जातात. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्या दिसतात. इंजिनिअर येत नाही. त्याला कळतही नाही. भाग समाप्त.

वाचून बघितलं. चांगलं झालं होतं. खरंच चांगलं झालं होतं, माझ्या सगळ्या लिखाणात असं दुसरं पान नाही. आणि त्या गुर्मीत मी ते ताईच्या नावावर टाकून दिलं. तिला विचारलंही नाही.

हे तपशील कुठून आणलेस, असं मला कुणी तेव्हा विचारलं असतं, तर म्हणाले असते, कल्पनाशक्ती. डोंबलाची कल्पनाशक्ती! सहा वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता. नवऱ्याचं घर सोडून मी इंदिरानगरला भाड्याने राहायला आले त्याला दीड महिना झाला होता. तीन दिवस मी त्या घरात एकटी पडून होते. कडी मीच काढून ठेवली होती. दुधाच्या पिशव्या माझ्याच दाराला होत्या, आणि त्या बघून वरच्या मजल्यावरच्या काकूंनीच मला दवाखान्यात नेलं. आठ दिवस सलाइनवर होते. घरी परत आल्यावर ताईला फोन करून सांगितलं, "जरा ताप आला होता, आता बरी आहे." ती डबा घेऊन आली. हातावरच्या सुयांच्या खुणा तिने बघितल्या आणि काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही.

आजारपणात ताईला फोन का केला नाही? कारण तिनेच करू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी नवऱ्याचं घर सोडते म्हटल्यावर तिने मला महिनाभर समजावलं, दाजींना पाठवलं, मावशीला पाठवलं. मी बधत नाही म्हटल्यावर तिचा पारा चढला. म्हणाली, "कर काय करायचंय ते. पण उद्या आजारी पडलीस, मरायला टेकलीस, तरी मला फोन करू नकोस." रागाच्या भरातलं बोलणं. आमच्या घरात अशा बोलण्याला काही किंमत नव्हती. आमची आई तर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला घराबाहेर काढायची आणि तासाभराने जेवायला हाक मारायची. मलाही ते माहीत होतं. पण ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच. त्यानंतर आम्ही दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही. सणवार, फोन, टिंगलटवाळी, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. वर्षभराने ताई लिहायला लागली.

भाग टाकून तास झाला नसेल, कमेंट सुरू झाल्या. मला वाटलं होतं, निदान एखादी तरी म्हणेल, वा! कुठलं काय. "ताई, तुम्ही शेवट गोड म्हणाला होता." "माझी नाइट होती, ड्युटी संपवून घरी येऊन वाचलं, झोपच लागेना." विंचूरच्या बाईने लिहिलं, "लय रडले. आसं नाय करायचं ताई, शब्द दिला व्हता तुम्ही." सटाण्याकडच्या बाईने फक्त तीन शब्द लिहिले, "हाई काय शे?" आणि एका चिकित्सक पोरीने विचारलं, "तिच्याकडे तर म्हैस आहे ना? मग पिशवीचं दूध कुठून आलं? आणि खेड्यातल्या घराला वरचा मजला?"

ही माझी चूक मात्र शरमेची होती. म्हैस पहिल्याच भागात होती. तो भाग मीच तपासून दिला होता.

ताईचा फोन येईल म्हणून मी वाट बघत बसले. ती भाग टाकल्याबरोबर वाचते. आता ओरडेल, मग ओरडेल. फोन नाही. मेसेज नाही. मी केला तर उचलला नाही. सोमवारी कॉलेजात शिकवताना तीनदा फोन बघितला. मंगळवारी पेपर तपासताना एकाच मुलाचे गुण दोनदा लिहिले. मनात तिच्याशी भांडत होते: एवढं काय झालं? गोष्टच आहे ना! तुझी पोस्टवाली मेली नाही काही. इतका कसला तो अहंकार, चार बायका वाचतात तर! असं सगळं.

मंगळवारी दुपारी दाजींचा फोन आला. दाजींचा! वीस वर्षांत त्यांनी मला स्वतःहून तीनदा फोन केला असेल, तिन्ही वेळा कुणीतरी गेलं होतं म्हणून.

"काय लिहिलंस गं तू?" ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"काही नाही. ती सारखी तेच वाचतेय. जेवायला बस म्हटलं तर ऐकत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "ये जरा."

मी स्कूटर काढली. इंदिरानगरच्या बोगद्यात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी, पुढचा हलेना, मागचा हॉर्न थांबवेना. मीही हॉर्न वाजवत होते, उगाचच. द्वारका चौकात सिग्नल, मग नाशिकरोडपर्यंत सलग चाळीसच्या वेगाने. सगळ्या रस्त्याभर मी ताईला द्यायची उत्तरं जुळवत होते. सांगेन तिला, की साहित्यात वाचकाला धक्का द्यावा लागतो. सांगेन, की तुझ्या बायकांना आयुष्यभर वरणभात भरवणार आहेस का. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा यातलं एकही वाक्य मला पटत नव्हतं.

दार दाजींनी उघडलं. मान हलवली आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. ताई स्वयंपाकघरात होती. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, खाली बसून डाव्या हाताने मेथी निवडत होती. पानं कमी आणि देठंच जास्त पडत होती पातेल्यात. माझ्याकडे बघितलं नाही.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"कडी काढून ठेवली होतीस तू?"

"मी? अगं ती गोष्टीतली..."

"मला शिकवू नकोस." आता तिने वर बघितलं. डोळे सुजले होते. "माझ्या पोस्टवालीकडे म्हैस आहे. तिच्या घराला वरचा मजला नाही. दाराला दुधाच्या पिशव्या टांगतात इंदिरानगरला. काकू आहेत इंदिरानगरला. किती दिवस पडून होतीस?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"तीन," मी म्हणाले.

"तीन दिवस! आणि मला काय म्हणालीस? जरा ताप होता. जरा! मी आपली समजत होते, दवाखान्यात गेलीस, सुया टोचल्या, झालं. फोन का नाही केलास गं? फोन होता ना हातात?"

"तू करू नको म्हणाली होतीस."

हे मी बोलायला नको होतं, असं बोलताक्षणी वाटलं. सहा वर्षं सांभाळलं होतं ते. ताईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. आणि मग ती जी उसळली!

"मी म्हणाले आणि तू ऐकलंस? आयुष्यात कधी ऐकलंयस माझं? सायन्सला जा म्हटलं, ऐकलंस? तो पोरगा बरा दिसत नाही, लग्न करू नकोस म्हटलं, ऐकलंस? मग सोडू नकोस म्हटलं, ते ऐकलंस? केस कापू नकोस म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मानेपर्यंत कापून आलीस! आणि नेमकं हेच ऐकायचं होतं तुला? हेच?"

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडू. काय होतंय तेच कळेना. मीही ओरडले, "मला राग आला होता तुझा! अजून आहे! तुला काय वाटतं, मी त्या दारात पडून कुणाची वाट बघत होते? त्याची? त्याला तर मी सोडून आले होते. तुझी बघत होते. कडी तुझ्यासाठी काढली होती. म्हटलं, ही येईल. फोन न करता येईल. तिला आपोआप कळेल. लहानपणी कळायचं की तुला!"

ताईने पदराने तोंड पुसलं, पदराला मेथी लागली होती ती गालाला लागली. कॉलनीत कुणाच्यातरी घरी मिक्सर चालू होता.

"चार गोष्टी लिहिल्या गं मी," ती मग म्हणाली. आवाज एकदम बसला होता. "चार वेळा त्याला तुझ्या दारात पाठवलं. एकदा जीपने. एकदा नदीतून चालत. एकदा पहाटेच्या एसटीने. एकदा तर नोकरी सोडून. दर वेळेला वाटायचं, हे ती वाचेल. वाचून तिला कळेल. एखाद दिवशी म्हणेल, ताई, हे काय गं लिहितेस सारखं. तुझ्याशी तोंडाने बोलायची माझी हिंमत नव्हती. तुला एकदाही काही वाटलं नाही?"

"मी शुद्धलेखन बघत होते," मी म्हणाले.

हे खरं होतं. चारही गोष्टी मी ओळन् ओळ वाचल्या होत्या, माझ्याइतक्या बारकाईने त्या जगात कुणी वाचल्या नसतील. आणि मला काय दिसलं? साचा. तेच भांडण, तेच जिव्हारी लागणारं बोलणं, तोच ताप. अगं बाई, तेच असणार नाही तर काय! तिच्याकडून एकच गोष्ट करायची राहून गेली होती, ती करून बघत होती ती पुन्हा पुन्हा. दर वेळी ते माणूस दारात वेळेवर पोहोचतं का बघत होती. आणि त्या नर्सचं, त्या विंचूरच्या बाईचं काय राहून गेलं असेल, ते मला माहीत नाही. त्यांना "शेवट गोड" आधीच लिहून का लागतं, हे मी आता कुणालाही हसून विचारणार नाही. साचेबद्ध आहे का हे सगळं? असेल. मला त्यावर वर्गात व्याख्यान द्यायची लाज वाटते एवढं खरं.

"काढ तो भाग," ताई म्हणाली. "बायका थांबल्यात तिकडे. दोन दिवस झाले."

मी खाली फरशीवर बसले. भाग काढून टाकला. त्या जागी लिहिलं, की मागचा भाग चुकून पडला होता, तो माझ्या बहिणीने लिहिला होता, म्हशीसकट सगळ्याबद्दल क्षमस्व. ताईला वाचून दाखवलं. ती नाकातून हसली. "म्हशीचं बरं घातलंस," म्हणाली. मग मेथीचं पातेलं बाजूला सारून भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले, आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागली.

"दारावर थाप पडली. तिला उठवेना. लिहिलंस?"

"हं."

"त्याने दार ढकललं. उघडंच होतं." ती क्षणभर थांबली. "तो आत आला. तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. त्याने पाणी आणलं, रुमाल भिजवला, पिळला, कपाळावर ठेवला."

मी टाइप करत होते. पुढचं मला पाठ होतं. आधीच्या गोष्टींमध्ये तो या जागी काही बोलत नाही, नुसता पट्ट्या बदलत बसून राहतो, आणि तिचा ताप उतरतो.

"तो म्हणाला," ताई म्हणाली.

मी वाट बघितली.

"काय म्हणाला?"

"माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं मी तुला."

मी लिहायला लागले. ताईने डावा हात पुढे करून माझ्या हातातल्या फोनवर ठेवला.

"हे नको लिहूस," ती म्हणाली. "हे तुला सांगतेय."